स्वतंत्र संगीतकाराची वाटचाल : पालकांस आणि तरुण वादकांस काही सूचना

संगीताची आवड असलेली बहुतेक मुले पुढे चांगले श्रोते होतात, आणि तेही थोडे भाग्य नव्हे. परंतु वाद्य हाती धरल्यावाचून ज्यांना दिवस सुना वाटतो, ज्यांच्या मनात स्वतःच्या चाली आकार घेऊ लागलेल्या असतात, आणि त्या चाली कोणा चित्रपटसंस्थेच्या अथवा ध्वनिमुद्रिकांच्या कंपनीच्या आश्रयाची वाट न पाहता ज्यांना आपल्या बळावर लोकांपुढे मांडावयाच्या असतात, अशा मुलामुलींसाठी आणि त्यांची काळजी वाहणाऱ्या आईवडिलांसाठी हा लेख आहे. पूर्वी ही वाट जवळजवळ बंद होती, कारण ध्वनिमुद्रणाची यंत्रे, तबकडी छापण्याचे कारखाने आणि ती विकणारी दुकाने ही सारी मोजक्या कंपन्यांच्या कबजात होती. आज तीच साधने एका मेजावर मावतात. साधने सुलभ झाली म्हणून विद्या सुलभ झाली असे मात्र नाही. या साऱ्या प्रवासात हातापेक्षा कान आधी तयार झाला पाहिजे, हे माझे मुख्य सांगणे आहे. शिकवणीत स्वतःला ऐकावयाचे असते, बँडमध्ये इतरांना, आणि ध्वनिमुद्रणाच्या वेळी स्वतःलाच परक्याच्या कानाने.

मुलाने आरंभ कोणत्या वयात करावा, हा पालकांचा पहिला प्रश्न असतो. गाणे, हार्मोनियम किंवा तबला सहासात वर्षांच्या मुलाला खुशाल सुरू करावा. व्हायोलिन आणि गिटार ही वाद्ये लहान आकारांतही मिळतात, तेव्हा मोठ्या भावाची पूर्ण आकाराची गिटार घरात आहे म्हणून तीच धाकट्याच्या मांडीवर देण्याची काटकसर करू नये, कारण त्याने मनगट वाकडे पडते आणि ती खोड पुढे मोडत नाही. वयापेक्षाही महत्त्वाची गोष्ट अशी की, जे वाजवावयाचे ते मुलाला आधी गाता आले पाहिजे. या पद्धतीचे सामर्थ्य पाहावयाचे असेल तर गोव्याकडे पाहावे. तेथे गावोगावच्या चर्चला जोडलेल्या संगीतशाळांत मुलांकडून स्वर वाचून गाण्याची तालीम करून घेत आणि व्हायोलिन किंवा अन्य वाद्य त्या पायावर शिकवीत. परिणाम असा झाला की, मुंबईच्या चित्रपटसृष्टीला जेव्हा मोठ्या वाद्यवृंदाची गरज पडली, तेव्हा लिहिलेले संगीत समोर ठेवताच वाजवू शकणारे आणि मनातील चाल ऐकताच कागदावर उतरवू शकणारे वादक तिला प्रामुख्याने गोव्यातूनच मिळाले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्यरचना करणारे सेबॅस्टियन डिसोझा, आणि ट्रम्पेटवादक अंतोनिओ झेवियर वाझ, ज्यांना सारी मुंबई चिक चॉकलेट या नावाने ओळखत असे, ही त्या परंपरेतील ठळक नावे होत. आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी 1951 सालच्या ‘अलबेला’ला जो झगमगता पाश्चात्त्य बाज दिला, त्यात या चिक चॉकलेटचा वाटा मोठा होता. या मंडळींचा उल्लेख पुढे आणखी एका, काहीशा खेदाच्या, कारणासाठी करावा लागणार आहे.

परीक्षांविषयी पालकांच्या मनात फार गोंधळ असतो. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापिले, आणि त्यांच्या शिष्यपरंपरेतून 1931 साली उभ्या राहिलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आजही तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचलेल्या आहेत : प्रारंभिक, मग प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि शेवटी अलंकार. पाश्चात्त्य वाद्यांसाठी लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या आठ श्रेणींच्या परीक्षा आपल्या मोठ्या शहरांत होतात. माझे मत असे की, परीक्षा अवश्य द्याव्या, कारण अभ्यासाला त्यामुळे मुदत लागते आणि मुदतीवाचून लहान मुलाचा रियाज टिकत नाही. परंतु प्रमाणपत्र हे ध्येय होऊ देऊ नये. वर्षभर नेमलेले तेवढेच राग घोकून विशारद झालेला, पण शेजारच्याने अनोळखी स्वर लावला तर तो कोणता हे न ओळखणारा विद्यार्थी बँडच्या पहिल्याच तालमीत कोरा पडतो. म्हणून ऐकून ओळखण्याच्या आणि प्रथमदर्शनी वाचून वाजविण्याच्या चाचण्या, जेथे त्या ऐच्छिक असतील तेथेही, टाळू नयेत. शिक्षक निवडताना त्यांच्या भिंतीवरील मानपत्रे पाहण्याऐवजी वर्गात अर्धा तास मुकाट्याने बसावे. मूल चुकले असता जे गुरुजी स्वतः वाजवून दाखविण्याची घाई करीत नाहीत आणि ‘बाळ, आता काय बिघडलं ते तूच सांग’ असे विचारून थांबतात, त्यांच्या हाती मूल निर्धास्तपणे सोपवावे.

रियाजाच्या बाबतीत दोनच गोष्टी सांगतो. पहिली वाद्य जुळविण्याची. भ्रमणध्वनीतील यंत्र हिरवा दिवा दाखविते म्हणून तार जुळली असे समजण्याची सवय आरंभापासून लागली तर कान आळशी होतो. आधी तानपुऱ्याच्या षड्जाशी कानाने जुळवावे आणि नंतर यंत्राने पडताळून पाहावे, हा क्रम कधी उलटू नये. दुसरी लयीची. मेट्रोनोम मिनिटाला 60 ठोक्यांवर ठेवून एकच पलटा ठाय, दुगुन आणि चौगुन असा वाजवावा, आणि तो बिनचूक होऊ लागला की पलट्याची गती न बदलता ठोके 30 वर आणावेत, म्हणजे दोन ठोक्यांमधली एक मात्रा स्वतःच्या अंगातून येऊ लागते. हे दिसावयास सोपे आहे, पण मध्ये रिकामी पडलेली ती जागा भल्याभल्यांना घाईला लावते. पुढे स्टुडिओत कानाला हेडफोन लावून क्लिकवर वाजविण्याची वेळ येते तेव्हा ज्यांची लय तेथे ढासळते, त्यांची गफलत पुष्कळदा इतकी मागे, बालपणीच्या रियाजात असते. याखेरीज आठवड्यातून एकदा स्वतःचे वाजविणे भ्रमणध्वनीवर मुद्रित करावे, आणि ते लगेच न ऐकता दुसऱ्या दिवशी ऐकावे. वाजविण्याचा आवेश ओसरलेला असतो, आणि दोष आपले नसल्यासारखे स्वच्छ दिसतात.

पंधरासोळाव्या वर्षापर्यंत मुलाने शाळेचे स्नेहसंमेलन, सोसायटीचा गणेशोत्सव, नात्यातील लग्नाची संगीतसंध्या अशा जागी जेवढे वाजविता येईल तेवढे वाजवावे. पालकांनी त्याला ‘अभ्यास बुडतो’ या एकाच सबबीखाली अडवू नये. लोकांसमोर हात थरथरत असताना गाणे शेवटास नेण्याची विद्या घरच्या खोलीत येत नाही, आणि ती लहानपणी, चुकीला क्षमा असणाऱ्या श्रोत्यांपुढेच स्वस्तात मिळते.

त्यानंतर बँड. महाविद्यालयात पाऊल टाकताच चार मित्र एकत्र येतात, एकाकडे गिटार, दुसऱ्याकडे कीबोर्ड, आणि बँडचे नाव काय ठेवावे यावर पहिला महिना खर्ची पडतो. बँड जमविताना सर्वांत कुशल वादकापेक्षा वेळेवर येणारा आणि दुसऱ्याचे ऐकणारा वादक श्रेष्ठ मानावा. कौशल्य वर्षभरात वाढते, स्वभाव सहसा पालटत नाही. तालमीचा शिरस्ता ठरलेला असावा : वार ठरलेला, वेळ ठरलेली, गाण्याची पट्टी आधी कळविलेली, आणि प्रत्येकाने आपला भाग घरून बसवून आणलेला. तालीम ही एकत्र बसविण्याची जागा आहे, शिकण्याची नव्हे, एवढे एक तत्त्व पाळले तरी पुष्कळ बँड अकाली मोडावयाचे वाचतील. तालमीत प्रत्येक गाणे एकदा असे वाजवावे की प्रत्येकाने स्वतःचा आवाज इतका खाली ठेवावा की गाणाऱ्याचा शब्दन् शब्द माईकवाचून ऐकू यावा; ड्रमवाल्याला हे जड जाते, पण गाण्यात कोण कोणाच्या वाटेत येत आहे हे त्याशिवाय कळत नाही. बहुधा असे आढळते की, कीबोर्डचा डावा हात आणि बेस गिटार एकाच सप्तकात एकमेकांवर चढलेले आहेत; अशा वेळी कीबोर्डवाल्याने डावा हात सरळ उचलून घ्यावा.

येथेच एक गंभीर इशारा द्यावयाचा आहे. छोट्या खोलीत झांजांच्या आणि अँप्लिफायरच्या कल्लोळात बसून तालीम केल्यावर रात्री कानात जो सूं असा आवाज येत राहतो, तो शौर्याचे चिन्ह मानू नये. कानाच्या आतील सूक्ष्म पेशींना इजा होत असल्याची ती सूचना असते, आणि एकदा मेलेल्या त्या पेशी माणसात पुन्हा निर्माण होत नाहीत. वादकांसाठी कानात घालावयाचे बुजे मिळतात, त्यांनी आवाज कमी होतो पण फारसा बिघडत नाही. ते प्रत्येकाच्या पिशवीत असावेत, ड्रमवाल्याच्या तर निरपवाद.

दुसऱ्यांची गाणी वाजविणे कमीपणाचे आहे असे काही तरुण मानतात. मला ते मान्य नाही. दुसऱ्याचे गाणे हुबेहूब बसविताना त्याची बांधणी आतून कळते, आणि तेवढे शिक्षण कोणत्याही वर्गात मिळत नाही. फक्त तेथेच मुक्काम पडू नये. मुंबईत 1984 साली सुरू झालेल्या ‘रॉक मशीन’ या बँडने 1988 साली आपल्या स्वतःच्या गाण्यांचा संच काढला आणि 1993 साली ‘इंडस क्रीड’ हे नवे नाव घेऊन तो पुढे गेला. त्याच काळात, 1986 पासून, रंगभवनात भरू लागलेल्या ‘इंडिपेंडन्स रॉक’ या मेळाव्याने आणि पवईच्या आय.आय.टी.च्या ‘मूड इंडिगो’सारख्या महोत्सवांनी अशा बँडना रंगमंच दिला. नव्या बँडने दर चार कार्यक्रमांमागे निदान दोन स्वतःची गाणी वाढवावयाची असा नेम करावा. श्रोते अपरिचित गाण्याला थंड राहतात म्हणून ती गाणी कार्यक्रमाच्या अगदी आरंभी वा अगदी शेवटी न घालता परिचित दोन गाण्यांच्या मध्ये घालावीत.

व्यवहाराकडे आपले लोक नाखुशीने वळतात, आणि तेथेच घात होतो. कार्यक्रमाची बिदागी तोंडी ठरवू नये. तारीख, वेळ, किती मिनिटे वाजवावयाचे, ध्वनियंत्रणा कोणाची, प्रवासखर्च कोणाचा आणि इसाराची रक्कम किती, एवढे एका कागदावर वा निदान लेखी संदेशात उतरवून घ्यावे, आणि इसार हाती आल्याखेरीज तारीख अडवून ठेवू नये. उघड्या मैदानावरचा कार्यक्रम असेल तर रात्री 10 नंतर ध्वनिवर्धकावर सामान्यतः बंदी असते, तेव्हा आपली पाळी शेवटची असल्यास गाण्यांची यादी आधीच आखडून ठेवावी. शेवटचे सर्वांत चांगले गाणे बंदोबस्तावरील हवालदाराच्या शिट्टीने अर्धवट तुटणे याइतकी दुसरी विटंबना नाही. जमाखर्चाची वही एकाकडे असावी आणि ती सर्वांनी महिन्यातून एकदा पाहावी. बिदागीचा एक ठराविक हिस्सा, मग तो लहान का असेना, वाटून न घेता बँडच्या ध्वनिमुद्रणासाठी बाजूस काढावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मैत्री गोड असतानाच एक करारनामा करावा : बँडचे नाव कोणाच्या मालकीचे, सामाईक पैशातून घेतलेला मिक्सर कोणाचा, एखादा सोडून गेला तर त्याच्या सहभागाने झालेल्या गाण्यांचे काय. हे प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास दाखविणे असे समजू नये; भांडण झाल्यावर हेच प्रश्न विचारावे लागतात, आणि तेव्हा उत्तरे कोणीच शांतपणे देत नाही.

पुष्कळांना बँडच्या बरोबरीने दुसऱ्यांसाठी वाजवावे लागते : ऑर्केस्ट्रा, नाटकाचे पार्श्वसंगीत, जाहिरातींची जिंगल, स्टुडिओतील भाडोत्री वादन. यात वेळ फुकट जातो असे मानू नये. ए. आर. रहमान नऊ वर्षांचे असताना त्यांचे संगीतकार वडील वारले. वडिलांची वाद्ये भाड्याने देऊन कुटुंब चालले. मुलाने मास्टर धनराज यांच्याकडे शिक्षण घेतले, ‘रूट्स’सारख्या बँडमध्ये कीबोर्ड वाजविला, इळैयराजांसारख्या संगीतकारांच्या वाद्यवृंदात वर्षानुवर्षे साथ केली, जाहिराती केल्या, घराच्या आवारात स्वतःचा स्टुडिओ उभारला, आणि मग 1992 साली ‘रोजा’ आला. आपल्याकडे अजय-अतुल या बंधूंनी संगीताचे पद्धतशीर शिक्षण न मिळताही याच प्रकारच्या खटपटीतून आपला मार्ग काढला आणि 2001 सालच्या ‘विश्वविनायक’ या संचाने महाराष्ट्राचे लक्ष वेधून घेतले. दोघांच्याही बाबतीत दुसऱ्यांसाठी केलेली मजुरी पुढच्या कामाची मशागत ठरली, कारण त्या काळात त्यांचा कान उघडा होता.

आता ध्वनिमुद्रण. 1902 साली कलकत्त्यात गौहरजान कर्ण्यापुढे गाण्यास बसल्या तेव्हा तबकडीची एक बाजू तीनेक मिनिटांत संपत असे, आणि जे गायले ते तसेच्या तसे मेणावर कोरले जाई. तुकडा जोडण्याची सोय नव्हती. आज शंभर वेळा गाता येते आणि शंभर तुकड्यांतून एक ओळ शिवता येते, म्हणून संयम यंत्राच्या ठिकाणी न राहता आपल्या ठिकाणी असावा लागतो. माझी सूचना अशी की, गाणे आधी लोकांपुढे पाचसहा वेळा वाजवून घ्यावे, मग भ्रमणध्वनीवर त्याचा कच्चा नमुना करावा, पट्टी आणि गती निश्चित करावी, आणि त्यानंतरच मुद्रणास बसावे. बसल्यावर सबंध गाणे तीन वेळा सलग घ्यावे. त्यांतून एक निवडावे. त्यात जेवढे खरोखर सदोष असेल तेवढेच पुन्हा घ्यावे.

घरी मुद्रण करण्यासाठी संगणक, दोन माईकची सोय असलेला इंटरफेस, एक कंडेन्सर माईक, एक साधा डायनॅमिक माईक आणि बंद प्रकारचे हेडफोन एवढ्यावर आरंभ होतो. कंडेन्सर माईकला इंटरफेसवरील 48 व्होल्टची कळ दाबावी लागते, एरव्ही तो मुका राहतो. नवशिके येथे हटकून तासभर घालवितात. खोली कशी आहे हे माईकच्या किंमतीपेक्षा अधिक महत्त्वाचे. उघड्या भिंतींच्या आणि चकचकीत फरशीच्या दिवाणखान्यात सर्वांत महाग माईकही घुमतो, आणि कपड्यांनी भरलेल्या कपाटासमोर, पाठीमागे दोन जाड गोधड्या टांगून, खाली सतरंजी घालून बसल्यास सामान्य माईकदेखील प्रामाणिक आवाज देतो. दुपारची वेळ निवडावी, जेव्हा शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या थांबलेल्या असतात. छताचा पंखा बंद, शीतकपाट तेवढ्यापुरते बंद, आणि ते पुन्हा सुरू करण्याची आठवण म्हणून घराची किल्ली त्याच्यावर ठेवून द्यावी. गाणाऱ्याचे तोंड माईकपासून एक वीत दूर असावे. मुद्रण 24 बिटवर करावे, आणि आवाजाचा काटा सर्वांत मोठ्या स्वरालाही उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या दरम्यान राहील अशी पातळी लावावी; काटा लाल रेषेला भिडलेला आवाज मागाहून कोणत्याही उपायाने दुरुस्त होत नाही, उलट थोडा हलका घेतलेला आवाज निर्धोकपणे वाढविता येतो.

हार्मोनियमची गोष्ट थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण आपल्याकडील निम्मी मुद्रणे तिच्यापाशी अडतात. घरची जुनी पेटी पुष्कळदा प्रमाण स्वरापेक्षा किंचित चढी किंवा उतरलेली असते, आणि तिचे सूर बदलावयाचे म्हणजे आतील एकेक रीड खरवडून जुळविणारा कारागीर लागतो, ते काही संध्याकाळपर्यंत होत नाही. तेव्हा मुद्रणाच्या आदल्या दिवशी तिची काळी एक यंत्रावर मोजावी. ती, समजा, 12 सेंट (सेंट म्हणजे सुरातील सूक्ष्म फरकाचे माप) चढी निघाली, तर कीबोर्डमध्ये तेवढीच वाढ करावी, गिटार आणि बेस पेटीशी जुळवावेत, आणि तबलजीला हे आधी कळवावे, म्हणजे तो त्या स्वराला बसणारा तबला घेऊन येईल. जे वाद्य वळत नाही त्याच्याकडे वळणाऱ्या वाद्यांनी जावे. माईक भात्याच्या बाजूला न ठेवता समोरून, साधारण हातभर अंतरावर आणि सुरांच्या पट्ट्यांपेक्षा थोडा उंच धरावा, नाहीतर गाण्यापेक्षा भात्याचा श्वास अधिक ऐकू येतो. तबल्यासाठी दोन माईक असल्यास एक दाहिन्याच्या शाईवर वरून तिरपा, दुसरा डग्ग्याकडे. एकच असल्यास दोहोंच्या मध्ये, दीड वितीवर, आणि डग्ग्याचा घुमारा अधिक वाटल्यास माईक दाहिन्याकडे बोटभर सरकवावा. यंत्रातील कळ फिरविण्याच्या अगोदर माईक हलवून पाहावा, ही सवय ज्याला लागली त्याचे मिक्सिंग अर्धे झाले.

ड्रम मात्र घरी घेऊ नयेत. त्यासाठी स्टुडिओची शिफ्ट घ्यावी आणि तालीम पक्की करूनच घ्यावी, कारण तेथे घड्याळ पैशांनी चालते. मिक्सिंग बेताच्या आवाजात करावे. मोठ्या आवाजात सारेच रसरशीत भासते. झाल्यावर ते मोटारीत, स्वयंपाकघरातल्या छोट्या स्पीकरवर आणि एका कानाच्या हेडफोनवर ऐकावे, आणि शब्द कोठे हरवतात याची टिपणे काढावीत. मास्टरिंगचे काम शक्य तर दुसऱ्या, ताज्या कानाच्या माणसाकडे सोपवावे, आणि त्याला ‘सगळ्यांपेक्षा मोठ्याने वाजू द्या’ अशी गळ घालू नये. अनेक स्ट्रीमिंग सेवा प्रत्येक गाणे सरासरी उणे 14 लफ्सच्या (लफ्स म्हणजे आवाजाच्या मोठेपणाचे माप) आसपास समान पातळीवर आणून वाजवितात, त्यामुळे दाबून मोठे केलेले गाणे तेथे मोठे तर राहत नाहीच, केवळ दबलेले राहते.

आता गोव्याच्या त्या वादकांकडे पुन्हा वळतो. त्यांच्यापैकी कितीकांनी रात्री जागून वाद्यरचना लिहिल्या, आणि तबकडीवर त्यांचे नाव आले नाही, गाणे पिढ्यान्‌पिढ्या वाजले तरी त्यातील पैसा त्यांच्या घरी गेला नाही. दिवसाची मजुरी घेतली आणि व्यवहार संपला. विद्या पूर्ण होती, दस्तऐवज नव्हता. आजच्या स्वतंत्र संगीतकाराला ही उणीव भरून काढण्याची कायदेशीर सोय आहे, आणि ती न वापरणे हा मी अपराधच समजतो.

एका गाण्यात दोन निरनिराळ्या मिळकती असतात हे प्रथम ध्यानी घ्यावे : चाल आणि शब्द ही एक, आणि त्यांचे जे विशिष्ट मुद्रण झाले ती दुसरी. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चालीचा आणि शब्दांचा हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि त्याच्या पश्चात 60 वर्षे चालतो. मुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यापासून 60 वर्षे. हक्क निर्माण होण्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. कोणी कंपनी वा निर्माता गाणे घेऊ इच्छीत असेल तर कलम 19 त्याच्यापुढे ठेवावे : हस्तांतर लेखी आणि सहीचे असले पाहिजे, त्यात मुदत, प्रदेश आणि मोबदला नमूद असला पाहिजे, मुदत लिहिलेली नसेल तर ती 5 वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर केवळ भारत धरला जातो. म्हणूनच तयार छापील करारात ‘कायमस्वरूपी’ आणि ‘सर्व जगात’ हे शब्द हटकून असतात, आणि सही करण्यापूर्वी नेमके तेच शोधावेत. 2012 सालच्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतील वाटा बराच सुरक्षित केला आहे. तो वसूल करण्यासाठी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचे सभासदत्व घ्यावे आणि प्रत्येक गाणे तेथे नोंदवावे. मुद्रणाला स्वतःचा बारा अक्षरांकांचा आय.एस.आर.सी. क्रमांक घ्यावा. गाणे स्ट्रीमिंग सेवांवर पोहोचविणारे वितरक तो बहुधा देतात, परंतु वितरक बदलला तरी तोच क्रमांक पुढे चालवावा, नाहीतर गाण्याचा आजवरचा हिशेब विखुरतो.

मराठी बँडना एक विशेष धोका संतवाङ्मयाच्या बाबतीत असतो. तुकोबांचे शब्द सर्वांचे आहेत, ते कोणीही गावेत. पण आपल्या कानात बसलेली चाल सर्वांची असेलच असे नाही. श्रीनिवास खळे यांचे निधन 2011 साली झाले, तेव्हा त्यांनी अभंगांना दिलेल्या चालींवरील हक्क 2071 अखेरपर्यंत कोणाच्या ना कोणाच्या हाती असणार. अशी चाल गिटारवर बसवून प्रसिद्ध करावयाची असेल तर परवानगी घ्यावी. नसेल तर त्याच अभंगाला स्वतःची चाल लावावी, आणि खरे सांगावयाचे तर स्वतंत्र म्हणविणाऱ्याला दुसरा मार्गच अधिक शोभतो.

ध्वनिमुद्रणात साथ करणाऱ्या प्रत्येकाचे नाव, त्याने वाजविलेले वाद्य, त्याला दिलेली रक्कम आणि रॉयल्टीत वाटा ठरला असल्यास त्याचे प्रमाण, हे त्याच दिवशी एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात, आणि गाणे प्रसिद्ध करताना ती सर्व नावे वितरकाच्या रकान्यांत न कंटाळता भरावीत. मूळ मुद्रणाचे सुटे भाग, म्हणजे आवाज वेगळा, तबला वेगळा, पेटी वेगळी, असे सर्व प्रारंभबिंदूपासून सारख्या लांबीचे करून दोन निरनिराळ्या डिस्कवर ठेवावेत, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या कोणाच्या घरी असावी. सोबत पट्टी, गती, पेटी किती सेंट चढी होती आणि मुद्रणाची तारीख यांची नोंद जोडावी, कारण दहा वर्षांनी कोणी त्या गाण्यात सारंगीची एक ओळ घालू इच्छिली तर तिला जुळवून घेण्यास हीच नोंद लागणार आहे.